ओटीत गेलेलं बियाणं

संजीवने गव्हाचं पोतं देवघरात ठेवलं, यात त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. रायापूरच्या त्या घरात कोरडी राहणारी जागा तेवढी एकच होती. धारवाडकडचा पाऊस एकदाचा कोसळून मोकळा होत नाही, तो पाहुण्यासारखा रेंगाळतो. स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटलं होतं, हॉलच्या भिंतीवर ओलीचे नकाशे उमटले होते आणि माळा उंदरांनी कधीच आपल्या नावावर करून घेतला होता. देवघरात मात्र समई, धूप आणि उदबत्ती यांमुळे ऊब असे. उंदीरही तिथे जरा दबकून वागत.

चुकलं ते पुढेच. ते पोतं कसलं आहे हे त्याने घरात सांगायला हवं होतं, आणि त्याने ते सांगितलंही. पण ज्या एकमेव माणसाला सांगितलं ते त्याचे वडील बाळाचार्य नवरात्राचं पारायण करत होते आणि दसऱ्यापर्यंत मौनात होते.

"अप्पा, हे हुणसीकोप्पच्या बायकांचं बियाणं आहे. पुनवेला पेरायचंय. कुणाला हात लावू देऊ नका हं."

बाळाचार्यांनी पोथीवरून नजर न काढता मान हलवली. निरोप योग्य हाती पडला अशा समाधानात संजीव बाहेर गेला आणि व्हरांड्यात उभा राहून समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बघत राहिला. त्या प्लॉटवर काँग्रेस गवत आणि एक मोडकी मोपेड होती. संजीवला तिथे ओंब्यांनी वाकलेला गहू दिसत होता.

त्याचं हे असंच होतं. खेड्यापाड्यांत शेतीसुधारणेचं काम करणाऱ्या एका संस्थेत तो नोकरीला होता आणि नोकरीचा जवळजवळ निम्मा वेळ तो स्वप्नं बघण्यात घालवी. संस्थेच्या साहेबांना ती गोष्ट ठाऊक होती. पण उरलेल्या निम्म्या वेळात तो दोघांचं काम करी, म्हणून ते गप्प बसत. त्याचं सगळ्यात लाडकं स्वप्न होतं बियाणं बँकेचं. हुणसीकोप्पला एक पांढरीशुभ्र इमारत असावी, तिच्यात फडताळं असावीत, फडताळांत बरण्या आणि बरणीबरणीत जुन्या वाणांचं बियाणं. दारात मोगरा. बियाणं बँकेत मोगऱ्याचं काय काम, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वास येतो."

तूर्त त्या बँकेची सगळी ठेव एका पोत्यात मावत होती. हुणसीकोप्पमध्ये मजुरीवर जगणाऱ्या काही बायकांचा एक गट होता. संस्थेच्या मदतीने त्यांनी पहिल्यांदाच काळ्या रानाचा एक तुकडा कसायला घेतला होता. पाटाचं पाणी नाही, विहीर नाही. अशा जमिनीत नुसत्या ओलीवर येतो तो जुना बन्सी गहू, लांबट आणि मधाच्या रंगाचा. दुकानात त्याचं बी मिळत नाही. गटाची पुढारी पारूबाई त्यासाठी आपल्या माहेरी गेली, बहिणीकडे गेली, नणंदेच्या सासरीही जाऊन आली. कुठे शेरभर, कुठे पदरभर असं गोळा करून तिने ते पोतं भरलं, कडुनिंबाचा पाला घालून तोंड शिवलं आणि संजीवच्या स्वाधीन केलं. तिचं घर गळत होतं, हे एक कारण होतं.

"सायेब, औंदा एवढं पिकलं की पोरास्नी घरचा गहू," ती म्हणाली होती. "उन्हाळ्यात मजुरी नसती तवा शेजारणीपुढं पातेलं घेऊन उभं ऱ्हावं लागतंय बगा. ते तेवढं सुटू दे."

संजीवने ते ऐकलं, त्याचे डोळे ओले झाले आणि तो पोतं मांडीवर घेऊन बसने घरी आला.

शुक्रवारी हळदीकुंकू होतं. संजीवची आई हेमावती हिच्या हळदीकुंकवाला रायापूरच्या तर बायका येतच, पण सून दीपश्रीच्या कॉलेजातल्या विद्यानगरच्या मैत्रिणी येत आणि जुन्या ओळखीवर हुबळीच्या कमरीपेठेतूनही येत. या घरात पूर्वीपासून एक रीत होती. नवरात्रात ओटीला लागणारं धान्य आधी देवापुढे ठेवायचं आणि मग ओंजळीने बायकांच्या पदरात घालायचं. बाजारातून आणलेलं तसंच्या तसं दिलेलं हेमावतीला चालत नसे. त्या दिवशी दुपारी ती देवघरात शिरली आणि देवापुढे आधीच मांडून ठेवलेलं पोतं बघून दारातच थबकली.

तिने शिवण उसवली, कडुनिंबाचा पाला बाजूला केला आणि मूठभर गहू उजेडाकडे नेला. तिचा ऊर भरून आला. लग्नाला इतकी वर्षं झालेला आपला मुलगा, ज्याला साधा नारळ आणायची आठवण राहत नाही, त्याने न सांगता ओटीसाठी असा गहू आणावा!

"बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या लेकाला घरचं काहीतरी सुचलं एकदाचं."

बाळाचार्यांनी पोथीतून डोकं वर काढलं. त्यांनी दोन्ही हात जोरजोराने हलवले.

"काय? नको? देवापुढचं आहे, चालतंय की."

बाळाचार्यांची पंचाईत झाली. बोलावं तर मौन मोडतं, लिहून दाखवावं तर त्यांच्या मते तेही बोलणंच. मग त्यांनी हाताने बी पेरून दाखवलं. मूठ भरून घेतल्यासारखी केली आणि उजवीकडे, डावीकडे, पुढे अशी फेकली. पेरणारा माणूस करतो तसंच त्यांनी अगदी हुबेहूब केलं.

"हो हो," हेमावती म्हणाली. "कळलं. हात आखडता घेणार नाही मी."

संध्याकाळी ती ओंजळी भरभरून देत राहिली. देवघराच्या उंबऱ्यात बाळाचार्य मुठी उधळत उभे होते आणि त्यांच्याकडे बघून ती ओंजळ आणखी मोठी करत होती. आलेल्या बायकांना वाटलं, आचार्यांना काय हा उत्साह!

शनिवारी सकाळी पारूबाईचा फोन आला. "सायेब, रानात ओल झ्याक हाय. पुनवंपातूर टिकतीया. पुनवेला पेरूया. त्याच्या म्होरं गेलं की माती आवळतीया, मग गहू न्हाई येत."

संजीव आनंदाने देवघरात गेला. पोतं जड म्हणून त्याने पाय रोवले, दम घेतला आणि दोन्ही हातांनी जोर लावून ते उचललं. पोतं अलगद वर आलं आणि संजीव मागच्या मागे भिंतीवर जाऊन आपटला. पोत्यातून चार दाणे आणि कडुनिंबाचा पाला तेवढा त्याच्या डोक्यावर पडला.

"आई! यातला गहू?"

"ओटीला," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"सगळा?"

"बायका काय थोड्या आल्या होत्या? आणि असला गहू हातात आल्यावर ओंजळ लहान होते काय रे? सगळ्याजणी विचारत होत्या, कुठला, कुठला. मी सांगितलं, माझ्या संजीवने आणला."

संजीव पाटावर बसला आणि त्याने सांगितलं. ऐकता ऐकता हेमावतीच्या हातातलं लाटणं पोळपाटावर टेकलं ते तिथेच राहिलं. पोळी तव्यावर करपली. तिने बाळाचार्यांकडे बघितलं. बाळाचार्यांनी पुन्हा एकदा हाताने पेरून दाखवलं, या वेळी अगदी सावकाश.

"अगं बाई," हेमावती म्हणाली.

"मी जाऊन परत मागून आणतो," संजीव म्हणाला.

हे ऐकून ती ताडकन उठली. "ओटी परत मागणार? सवाष्णीच्या पदरात घातलेलं काढून घेणार? लोक काय म्हणतील? म्हणतील ते म्हणतील, पण त्या बायकांच्या मनाला काय वाटेल? ते नाही जमायचं. दुसरं काय ते बोल."

तरीही संजीव निघाला. मागायचं नाही, पण सहज गेल्यासारखं जायचं, विषय काढायचा आणि समोरच्यानेच आपणहून द्यायचं, असा सगळा प्रसंग त्याला स्वप्नात दिसावा तसा स्पष्ट दिसत होता. पहिलं घर कमरीपेठेतलं निवडलं. तिथे श्रीलक्ष्मीअक्का राहत. त्यांच्या यजमानांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि अक्का संजीवला तो शाळेत जायचा तेव्हापासून ओळखत होत्या.

"अक्का, सहज आलो. कालचा गहू... बरा होता ना?"

"अय्यो, बरा काय विचारतोस! बस, बस." अक्का आत गेल्या आणि वाटी घेऊनच बाहेर आल्या. वाटीत गव्हाची हुग्गी होती. गूळ, तूप, वर खसखस. "ओटीचा गहू कशाला ठेवून द्यायचा म्हटलं. पहाटेच घातला शिजायला. तिन्नु रे, खा."

संजीवने चमचा तोंडात घातला. पारूबाईची नणंद, नणंदेचं सासर, शेरभर बी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि त्याच वेळी त्या गव्हाचा दाणा दाताखाली असा काही फुटला की त्याचे डोळे आपोआप मिटले. शरमेने मेल्यासारखं होत होतं आणि हुग्गी तर आयुष्यात कधी खाल्ली नव्हती अशी झाली होती.

"आणखी देऊ?"

"साकु अक्का, पुरे," तो म्हणाला. पण त्याची वाटी पुढे झाली होती.

येताना अक्कांनी घरच्यांसाठी डबा भरून दिला. हुणसीकोप्पच्या बियाण्यातला परत मिळालेला पहिला हप्ता तो एवढाच, आणि तोही शिजलेला.

दीपश्री कॉलेजात गणित शिकवत असे. तिने शांतपणे विचार केला. "आपण ओटी परत मागू शकत नाही," ती म्हणाली. "पण मी कुणाच्या घरी गेले तर नवरात्रात मला कुणी रिकामी पाठवेल का? माझी ओटी भरावीच लागेल. घरात ताजा गहू आहेच, तोच घालतील. आपण मागितलं नाही, त्यांनी दिलं. झालं."

हेमावतीने सुनेकडे नव्याने बघितलं. संजीवने तर तिच्या वहीचा कागद फाडून त्यावर रस्ते आखायला घेतले. "अहो, राहू दे. स्कूटर काढा फक्त," दीपश्री म्हणाली.

मग रोज संध्याकाळी दोघं निघत. वर भुरभुर पाऊस, रस्त्याच्या दिव्यांभोवती धुक्याची गोल वर्तुळं, मागे काठापदराची साडी नेसलेली बायको. दीपश्री आत जाई आणि संजीव फाटकाशी उभा राहून रातराणीचा वास घेत गव्हाची वाट बघे. दीपश्री बाहेर आली की तो आधी तिच्या चेहऱ्याकडे आणि मग पदराकडे बघे. पदर जड असे, चेहरा पडलेला असे.

"तांदूळ," ती म्हणे.

सगळीकडे तांदूळ. विद्यानगरच्या वेदश्रीने तर कारणही सांगितलं होतं. वेदश्री कॉलेजात दीपश्रीच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. "अगं, गहू आहे की डबाभर. पण तुमच्याच घरचा गहू तुझ्याच ओटीत कसा घालू? बरं दिसतं का ते? तो मी दिवाळीला ठेवलाय. थांब, बासमती घालते तुला."

प्रत्येक घरात हाच चांगुलपणा आडवा आला. अष्टमीपर्यंत घरात तांदळाची रास झाली. हेमावती खण निवडायला बसली आणि तिने कपाळावर हात मारला. "दीपा, हा हिरवा खण मीच दिला होता. हा पण माझाच. खण तेवढे परत आले बघ, गहू सोडून सगळं आलं."

त्यात फोन सुरू झाले. ज्या हळदीकुंकवाला येऊ शकल्या नव्हत्या त्यांना त्या गव्हाची कीर्ती समजली होती. "आमची ओटी राहिली हं तुमच्याकडे," असं त्या हक्काने सांगत. हेमावती हो हो म्हणे आणि फोन ठेवून रिकाम्या पोत्याकडे बघे. तिची झोप उडाली होती. तिने जन्मात कुणाचं काही घेतलं नव्हतं. आणि आता ज्यांच्या घरात उद्याचं पीठ नाही अशा बायकांचं बी तिने मिरवत मिरवत वाटून टाकलं होतं. तिला ते फार लागलं. तांदळाची रास दिसली की तिला रडू येई.

दसऱ्याच्या दिवशी बाळाचार्यांचं पारायण संपलं. आरती झाली, तीर्थप्रसाद झाला. सगळे त्यांच्यासमोर बसले. त्यांनी घसा साफ केला आणि मौन सोडलं.

"ते बी होतं," ते म्हणाले.

मग हेमावती म्हणाली, "जेवायला वाढते."

दुपारी संजीवने मन घट्ट केलं आणि पारूबाईला फोन लावला. आज खरं सांगून टाकायचंच, असं ठरवून तो गच्चीवर गेला होता.

"पारूबाई, मला एक सांगायचंय."

"मलाबी सांगायचं हाय," पारूबाई म्हणाली. "आदी माझं ऐका. पोरगी काल विचारूलालती, आई, आपला गहू हिरवा असतोय का पिवळा. म्हटलं, आदी हिरवा असतोय, मग पिवळा हुतोय. म्हणली, मग आपल्या घरात कुठला येणार? म्हटलं, तुज्या ताटात पांढरा येणार बाई, पोळी हून." ती खळखळून हसली. "व्हय, तुमी काय म्हणत हुता?"

संजीव गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला.

"काय न्हाई? बरं, ऐका. पुनवेला शीगी हुण्णिमे. चरगा हाय रानात. घरच्यास्नी घिऊन या. भूमीताईची ओटी भरायची, मग पेरायचं. आईसायबास्नीबी आणा. येतासा न्हवं?"

"येतो," संजीव म्हणाला, कारण तेवढंच खरं बोलता येत होतं.

तो खाली आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. "सांगता आलं नाही," तो आईला म्हणाला. "उलट तिनेच आपल्याला बोलावलंय. शीगी हुण्णिमेला भूमीची ओटी भरायला."

हेमावती तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. इकडे त्या पौर्णिमेला जमीन गर्भार असते असं मानतात, शेतात जाऊन तिचे डोहाळे पुरवतात, चरगा म्हणून नैवेद्याचं जेवण रानभर उधळतात, तिच्या ओटीत धान्य घालतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण आज ते तिला एकदम निराळंच ऐकू आलं.

"संजीव," ती सावकाश म्हणाली, "बाईने आपल्या ओटीतलं मला परत द्यायचं नसतं. पण भूमीच्या ओटीत घालायला कुणाची ना आहे?"

ती उठली, चष्मा लावला आणि फोन घेऊन बसली. तिने कुणाकडे काही मागितलं नाही. "पुनवेला भूमीताईची ओटी भरायला चला," एवढंच ती सांगत होती. "रान काळंभोर आहे, वारा आहे, चरग्याचं जेवण आहे. आणि हे बघ, आमच्याकडचा गहू राहिला असला ना, तर तोच आण. तिथल्याच बायकांचा आहे तो. त्यांच्याच भूमीला पोचवू." सगळ्याजणी हरखून गेल्या. शहरात राहून भूमीची ओटी भरायला कुणाला मिळते? संजीवला एक टेम्पो ठरवावा लागला आणि तो ठरवताना त्याला पुन्हा पांढरीशुभ्र इमारत आणि मोगरा दिसू लागला.

पौर्णिमेची सकाळ उघडी निघाली. पावसाने धुतलेलं आभाळ, दूरवर ज्वारीची कोवळी ताटं, कापसाची पिवळी फुलं आणि मधे बायकांच्या गटाचा तो काळा तुकडा, वाट बघत असल्यासारखा. टेम्पोतून जरीच्या साड्या उतरताना बघून हुणसीकोप्पच्या बायका आधी लाजल्या आणि मग मापं काढल्यासारख्या एकमेकींच्या पदरांकडे बघू लागल्या. पारूबाई पुढे आली. काटक, उन्हाने रापलेली, कपाळभर कुंकू.

"या की. एवढ्याजणी येतील आसं वाटलं नव्हतं बगा. बी कुठं हाय सायेब?"

संजीव काही बोलायच्या आत हेमावतीने बांधावर धुतलेलं धोतर पसरलं. "घाला गं सगळ्यांनी," ती म्हणाली. वेदश्रीने डबा ओतला. दुसरीने पिशवी ओतली. एकीमागून एक ओततच राहिल्या. रास वाढता वाढता मूळच्या पोत्याहूनही मोठी झाली. संजीवला आधी आनंद झाला आणि मग तो राशीजवळ उकिडवा बसला. एवढा गहू आला कुठून?

"मी तर सगळा शिजवला होता," श्रीलक्ष्मीअक्का अभिमानाने म्हणाल्या. "पण भूमीताईकडे रिकाम्या हाताने कसं यायचं? दुकानातून आणला. चांगला, पॉलिश केलेला."

"आम्ही पण थोडा दळला होता. तेवढ्याची भर घातली," आणखी कुणीतरी म्हणालं.

रास उन्हात चमकत होती. बन्सी, लोकवन, शरबती, सगळे गहू एकमेकांत सुखाने मिसळून गेले होते. पारूबाईने खाली वाकून मूठ भरली, तळहातावर पसरली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"सायेब, ह्यात आमचं बी कुठलं?"

आता मात्र संजीवने सगळं सांगितलं. देवघर, मौन, ओटी, हुग्गी, तांदूळ. हुग्गी आपण दोन वाट्या खाल्ली हेही त्याने सांगून टाकलं. दूर कुठेतरी कुणी चरगा उधळत ओरडत होतं, "हुल्लुल्लिगो!" जरीच्या साड्यांतल्या बायकांना आत्ता कुठे कळलं की आपण डब्यात काय घेऊन बसलो होतो. श्रीलक्ष्मीअक्कांनी पदर तोंडाला लावला. हेमावती पारूबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"चूक माझी आहे, बाई. मी विचारायला हवं होतं. मुलाचं कौतुक सांगायच्या नादात तुझं बी वाटलं मी."

पारूबाईला राग आला होता आणि तो तिने लपवलाही नाही. "माज्या बहिणीनं खायचं ठेवून बी दिलं हुतं, आईसायेब," ती म्हणाली. मग तिने राशीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरली. खाली अजून गडद ओल होती. "रडून काय बी निवडून येतंय व्हय? सुपं आणा गं. लांबडा दाना इकडं, बुटका दाना तिकडं. बसा सगळ्याजणी."

आणि सगळ्याजणी बसल्या. एका सुपाला एक गावची, एक शहरातली. संजीवही बसला, बाळाचार्य बसले. मधाच्या रंगाचा लांबट दाणा हाताला लागला की बाजूला सारायचा. थोड्या वेळाने बोटांना सवय झाली आणि गप्पा सुरू झाल्या. वेदश्रीने विचारलं की उन्हाळ्यात काय करता, आणि तिच्या सुपाजवळच्या बाईने सांगितलं. ते ऐकून वेदश्री बराच वेळ खाली मान घालून दाणे निवडत राहिली. बांगड्या वाजत होत्या, वारा होता, ज्वारीतून सळसळ येत होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोन राशी वेगळ्या झाल्या. बन्सीची रास आधीपेक्षा लहान होती खरी, पण अगदीच लहान नव्हती. बहुतेकींनी गहू दिवाळीसाठी राखून ठेवला होता, ते आता उपयोगी पडलं. बुटक्या गव्हाची तिथेच चुलीवर हुग्गी चढली.

भूमीची पूजा झाली. जेवणं झाली. गेल्या दोन आठवड्यांची सगळी झोप संजीवच्या डोळ्यांत एकदम उतरली. तो बाभळीच्या सावलीत आडवा झाला.

त्याला स्वप्न पडलं. पांढरी इमारत होती, मोगरा होता आणि समोर हा सगळा तुकडा पिवळाधमक झाला होता. मळणीचं यंत्र धडधडत होतं, त्यातून बन्सी गहू धो धो पडत होता आणि पारूबाईची मुलगी पोळीएवढा मोठा चंद्र ताटात घेऊन उभी होती. यंत्राची धडधड इतकी खरी होती की संजीव झोपेतच हसला.

तो जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती. धडधड थांबली होती. त्याने डोळे चोळले आणि बांधाकडे बघितलं. शहरातल्या बायका ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीने पदर पुढे धरला होता. पारूबाई ओंजळ भरत होती आणि पदरात घालत होती. ओंजळीतला गहू लांबट होता. मधाच्या रंगाचा.

संजीव धडपडत उठला आणि अनवाणीच धावत सुटला. "थांबा! ओटी भरू नका! कुणाची ओटी भरू नका!"

भर पौर्णिमेच्या दिवशी, भरल्या रानात, सवाष्णींच्या घोळक्यात एका पुरुषाने याहून अभद्र काही ओरडावं असं शोधूनही सापडलं नसतं. सगळ्या बायका वळून त्याच्याकडे बघू लागल्या. बाळाचार्यांनी डोळे मिटले. मौनाचे दिवस किती बरे होते, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"का वो सायेब?" पारूबाईने विचारलं.

"बी... बियाणं... पेरायचं आहे ना?"

"पेरून झालं की."

संजीवने मागे वळून बघितलं. काळा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघांनी भरला होता. बांधाला ट्रॅक्टर उभा होता, मागच्या पेरणी यंत्राला ताजी ओली माती लागली होती.

"सनाला बैल जुपत न्हाईत, पर ट्रॅक्टरला कुठला सन?" पारूबाई म्हणाली. "तुमच्या उशाखालनं गेला की. हासूलालता तुमी झोपंत. मधल्या तासात कुसबी, म्हंजे तुमची करडई, टाकली, म्हणून थोडं उरलं."

"उरलं ते ठेवा ना मग. घरी ठेवा. पुन्हा ओटीत कशाला?"

"माजं घर गळतंय," पारूबाई म्हणाली. "आनि तुमच्या एकट्याच्या घरात ठिवून काय हुतंय ते बगितलं न्हवं मी?" सगळ्याजणी हसल्या. गावच्या हसल्या, शहरातल्याही हसल्या, आणि हेमावती सगळ्यांत मोठ्याने हसली. पारूबाईने शेवटची ओंजळ भरली आणि हेमावतीच्या पदरात घातली. "पाऊस फिरला, पेरलेलं गेलं, तर म्होरल्या वर्षी मागाय येणार मी. दारात हुबी ऱ्हाऊन मागणार. द्याल न्हवं?"

"तुझंच आहे ते. कधीही ये," हेमावती म्हणाली. इतके दिवस रिकामं पोतं बघून जड झालेलं तिचं मन त्या ओंजळभर गव्हाने हलकं झालं.

टेम्पो परत निघाला तेव्हा पूर्वेला चंद्र वर येत होता. पदराच्या गाठी मांडीवर धरून बायका गप्प बसल्या होत्या. रायापूरला, विद्यानगरला, कमरीपेठेत एकेक उतरत गेली आणि एकेक गाठ त्या त्या घराच्या देवघरात गेली. संजीवला पुन्हा ती पांढरी इमारत आठवली. पण आज काही केल्या ती नीट दिसेना, फडताळांच्या जागी सारखी देवघरंच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हुग्गीची फार आठवण झाली. घरात सगळे आपापल्या कामात होते. तो दबक्या पावलांनी देवघरात गेला. देवापुढे तांब्याच्या डब्यात तो गहू होता, वर कडुनिंबाचा पाला. ओंजळभर तर होता. त्याने झाकण उचललं.

"संजीव!"

हेमावती दारात लाटणं घेऊन उभी होती.

"एकच वाटी, आई. नुसती एक वाटी हुग्गी."

"झाकण लाव आधी," ती म्हणाली. "ते बी आहे."